सुभद्राकाकूचं छप्पर

चैत्र लागला की सुभद्राकाकू घरावर चढायची. भर दुपारी, पदर कमरेला खोचून ती पत्र्यांवर ओणवी फिरायची आणि लाटण्याने एकेक पत्रा ठोकून पाहायची. आवळलेला पत्रा बसका वाजतो आणि सैल असला की खणखणतो, असं तिचं म्हणणं. वय पंचावन्नच्या पुढं, वजन जेमतेम चाळीस किलो. रस्त्याने जाणारे म्हणायचे, ही बाई एक दिवस पडून मरणार. ती वरूनच ऐकवायची, "माह्याकडे काय पाहता, आपापला पत्रा पाहा."

भातकुली तालुक्यातलं आमचं गाव. तिच्या आणि माझ्या घरात एक बोळ तेवढी. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि मुलगा गजू. बकऱ्यांसाठी कडुनिंबाचा पाला तोडायला गजू झाडावर चढला आणि पडला, तेव्हापासून तो कमरेखाली लुळा पडला. अठ्ठावीस वर्षांचा दांडगा गडी दिवसरात्र बाजेवर. काकू त्याला एकटीने कुशीवर वळवू शकायची, उचलू मात्र शकायची नाही. तिच्या जिवाला लागलेला सगळा घोर या एका गोष्टीचा होता.

कारण वैशाखात आमच्याकडे वावधन सुटतं. दुपार कलली की पश्चिमेला आभाळ तांबूस काळं होतं आणि अर्ध्या तासात झाडं, खांब, पत्रे सगळं आडवं. तशी चाहूल लागली की अख्खं गाव शाळेच्या पक्क्या इमारतीकडे पळतं. मीही पळायचो. एका वर्षी मी मुलीला कडेवर घेऊन, आईचा हात धरून काकूच्या दारावरून पळत होतो. ती उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होती, "कोनी दोघं जन बाज धरा रे, दोघंच जन." मी ऐकलं. माझ्यासारखं अजून वीसेक जणांनी ऐकलं असेल. थांबलं कुणीच नाही.

आमच्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर धोंडे ठेवतात. माझ्या वडिलांनी ठेवले, मीही ठेवले, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. त्या दिवशी काकूच्या छपराचा कोपरा उचलला गेला आणि वरचा धोंडा घरंगळत आत आला. गजूच्या उशीवर पडला, कानापासून वीतभर अंतरावर. आम्ही शाळेतून परतलो तेव्हा काकू तो धोंडा मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "वावधन देव धाडते, बापू. धोंडा तं आपनच डोक्यावर ठेवला."

दुसऱ्या दिवशी तिने सगळे धोंडे खाली उतरवले. गाव हसलं. धोंडे काढून ही पत्रे काय पदराने बांधणार? तिने घराभोवती आठ खड्डे खणले, हात बुडेल एवढे खोल. प्रत्येकात एक धोंडा जाड तारेने गुंडाळून पुरला, वर माती टाकून मुसळाने ठोकली. पत्र्यांवर आडवे बांबू टाकले आणि तारा त्यांच्यावरून ताणून पलीकडच्या धोंड्याला आवळल्या. तारेने पत्रा कापू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातांना फोड आले होते, आणि मी बोळीतून येता-जाता नुसता पाहत होतो.

वावधनाची तिची तयारी ठरलेली होती. पश्चिमेची खिडकी बंद, फटींमध्ये चिंध्या, बाज आतल्या भिंतीला, गजूच्या अंगावर दोन गोधड्या आणि डोक्यावर घमेलं. गजू हसायचा. "माय मले नवरदेव करून राहिली," म्हणायचा. मग ती त्याच्यावर ओणवी होऊन थांबायची. एवढं करूनही तिचा तारांवर पुरता भरवसा नव्हता.

म्हणून आम्ही पत्रे काढून घरावर स्लॅब टाकला त्या वर्षी ती माझ्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही मागितलं. वैशाखाचा एक महिना गजूची बाज तुमच्या पुढच्या खोलीत ठेवता का, म्हणाली. त्याचं सगळं मीच करीन, तुम्हाला हातही लावावा लागणार नाही. मी म्हणालो, "पाहू." आमच्याकडे नाही म्हणायची हीच रीत आहे, आणि तिलाही ती माहीत होती. बायकोला वासाची काळजी, मुलीला अभ्यासाला जागा हवी, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो. खरं म्हणजे मला ते घरात नको होतं.

त्या वैशाखात वावधन आलं तेव्हा मी नांदगाव पेठेला कारखान्यात होतो. घरी आलो तर अर्ध्या गावाची छपरं उडालेली आणि काकूचं जागच्या जागी. मला केवढं हायसं वाटलं! "काकू, तुमचं घर तं आमच्याहून पक्कं झालं," असं मी तिला हसत म्हणालोसुद्धा. ती गजूच्या डोक्यावरचं घमेलं अजून तसंच धरून बसली होती.

गजू गेला तो वादळाने नाही. पौषात पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप चढला, अमरावतीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी संपला. तिरडी उचलायला मात्र पुष्कळ माणसं होती.

चैत्र आला, काकू छपरावर चढली नाही. तिने तारा सोडल्या, गुंडाळ्या केल्या आणि ज्याची त्याची गरज पाहून वाटून टाकल्या. एक माझ्या गोठ्यासाठी आणून दिली. मी म्हणालो, काकू, तुमच्या घराचं काय? तोवर ती उरलेल्या गुंडाळ्या घेऊन पुढच्या घराकडे वळली होती.

वैशाखात आभाळ भरलं तेव्हा मी घरीच होतो. वारा सुटला आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोळ ओलांडून पळत तिच्या घरात शिरलो. पत्रे थडाथडा आपटत होते. ती रिकाम्या बाजेवर बसली होती. मी तिचा दंड धरला आणि ओढायला लागलो. तिने माझा हात हळूच सोडवला.

"मले चालता येते, बापू," ती म्हणाली. "धरा लागत नाई."

ती उठली आणि गारांमध्ये सावकाश माझ्या पुढे चालत आली. आम्ही माझ्या दारात पोचतो तोच मागे तिचं छप्पर गेलं. तिने वळूनही पाहिलं नाही. पुढच्या खोलीत येऊन भिंतीपाशी उभी राहिली. बायकोने टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला नाही. खिडकीखालची मोकळी जागा ती बराच वेळ पाहत होती. मग दोन्ही हात पसरून तिने त्या जागेची लांबी मोजली.

"इथं मावली असती बाज," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती मूर्तिजापूरला भावाकडे गेली, ती परत आली नाही. बाज मावली असती म्हणताना तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.