अण्णाचा झटका

अण्णा गेल्याचा फोन वहिनीनं सकाळी केला, आणि खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. किती दिवस अण्णाच्या घरचा, कडेगावचा नंबर दिसला की फोन उचलायला मी कचरायचे. आता भ्यायचं तरी कशाला…

अण्णा माझा थोरला भाऊ. उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात त्याची हयात गेली. पुढं त्याच्या हृदयाचे ठोके एकाएकी सुसाट सुटायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी यायची. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीत, कातडीखाली, मशीन बसवलं. ठोके भरकटले की ते आतून झटका देणार आणि हृदय ताळ्यावर आणणार. वेल्डिंगच्या करंटनं मशीन बिघडायची भीती, म्हणून वेल्डिंग मात्र कायमचं बंद. घोटाळा केला तो शब्दानं. आमच्याकडं ‘झटका आला’ म्हणजे माणूस गेल्यातच जमा. पहिल्यांदा मशीन चाललं तेव्हा अण्णानं रहिमतपूरच्या अक्काला फोन करून इमानदारीत कळवलं, ‘मला झटका आला.’ पुढचं ऐकायला अक्का फोनवर होती कुठं? दुपारी जीपभर माणसं रडत दारात उतरली, आणि हा सोप्यात बसून पिठलं-भाकरी खातोय! ‘आवं, मशीनचा झटका त्यो, माजा न्हवं,’ म्हणाला. आम्ही त्याला त्यावरून खूप चिडवलं.

तो मात्र हसेना. छातीत आतून घोड्यानं लाथ घातल्यागत होतं, म्हणायचा. मरणापेक्षा त्याला पुढच्या झटक्याची धास्ती. आंघोळीला आतून कडी लावायचा नाही. चार वर्षांची नात ओवी मांडीवर चढायला लागली की तिला हातानं लांब सारायचा. मांडीवर असताना मशीन चाललं तरी पोरीला काही होणार नाही, फार तर मुंग्या येतील, असं डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. ‘करंटला ल्हान-मोठं कळत न्हाई, डॉक्टर,’ एवढंच त्याचं उत्तर. मला त्याचा भयंकर राग यायचा. पोर रडवेली होऊन उभी, आणि हा तोंड फिरवून बसलेला…

शेवटी हृदयच थकलं. पुन्हा सांगलीला, मी राहते तिथं, दवाखान्यात आणलं, पण औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी अण्णाला आणि वहिनीला समोर बसून विचारलं, ‘आता मशीन नुसता त्रास देईल. त्याचे झटके बंद करूया का?’ वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. अण्णानं मान डोलावली. त्याच्या छातीवर काहीतरी धरून डॉक्टरांनी बटणं दाबली, तेवढ्यात काम झालं.

‘नक्की बंद झालं न्हवं?’ त्यानं दोनदा विचारलं.

डॉक्टर हो म्हणाले.

‘मग आणा तिला.’

ओवी बिचकत आली. ‘मशीन बंद हाय आता,’ म्हणत त्यानं तिला छातीशी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या हाती दिलं नाही. मी रात्री घरी आले, आणि सकाळी तो फोन.

परवा कडेगावला गेले होते. ओवीला म्हटलं, ये गं, बस मांडीवर. ती पळत आली आणि हातभर अंतरावर थबकली. माझ्या छातीकडं बघून विचारलं, ‘आज्जी, तुजं बंद हाय न्हवं?’