धोंड्याच्या दिवशी दिगंबरराव

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. अधिक महिना चालू होता आणि धोंड्याच्या जेवणाला आमचे जावई दिगंबरराव माझ्या मंगलला घेऊन पडेगावला आले. सहा फूट माणूस, आमच्या दारातून वाकून आत यायचे. गालावर दाढी अशी नव्हतीच, तरी दर रविवारी न्हाव्याकडं जाऊन बसायचे. मी एकदा हसलो तर म्हणाले, "मामा, तिथं गप्पा लई चांगल्या चालतात." मागच्या वर्षी ते हृदय बंद पडून गेले. माझं शिक्षण चौथी, पण त्यांच्यावर लिहायचं तर मीच लिहिणार.

वाळूजच्या कंपनीत ते मशीनवर होते, खोली बजाजनगरात. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. कन्नडला त्यांची आई. तिनं मंगलला उपास करायला लावले, अंगारे खायला घातले. संक्रांतीच्या वाणाला तिला बाजूला बसवलं. शेवटी लेकासाठी दुसरी पोरगी बघायला लागली. एवढ्या काळात दिगंबररावांना कुणी तपासलं नाही. एवढ्या धिप्पाड गड्याचं काय तपासायचं, असं सगळ्यांचंच म्हणणं.

त्या दिवशी मी पाय धुवायला परात मांडली, पाट ठेवला. ते उभेच.

"मामा, आधी ऐका. मग पाय धुवायचे का नाय ते ठरवा."

"बोला."

"तुमच्या पोरीत काही खोट नाय, माझ्यात आहे. कंपनीत माल खराब निघाला की आम्ही आधी आपलं मशीन बघतो. म्हणून मीच दवाखान्यात गेलो. माझ्या वीर्यात बीजच नाय. मग रक्त तपासलं. गुणसूत्र म्हणतात, ते माझ्यात एक जास्तीचं आहे. आईच्या पोटात जीव धरतानाच तसं झालं. यात कुणाची चूक नाय."

"औषध?"

"त्यानं बीज येत नाय. ऑपरेशन करून शोधता येतं, सापडेलच असं नाय. मंगलला मोकळं व्हायचं असलं, तर मी आडवा येणार नाय."

मंगल आतून म्हणाली, "मला विचारलं का कुणी? धोंडे गार होतायत."

मी विचारलं, "आईला सांगितलं?"

"सांगितलं. तिला पटत नाय. म्हणती, बायकोनं पढवून पाठवलंय तुला. दुसरीकडचं बोलणं काय थांबवत नाय."

मी त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. त्यांचे पाय परातीत घेतले, पाणी घातलं. धुतले आणि पुसले.

माझ्या लेकीला वांझ म्हटलं तेव्हापासून विहीणबाईंच्या घरी मी पाऊल ठेवलं नव्हतं. मरेपर्यंत ठेवणार नाही, असं चारचौघांत बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी कन्नडला गेलो. त्यांच्या ओट्यावर बसलो आणि विहीणबाईंना म्हणालो, "तुमचा पोरगा खरं बोलतोय. तुम्हाला पटेपर्यंत मी इथून उठत नाय."