आओरिता नावाचं फोल्डर

आमच्या गावाला पाणी देतो देव आणि त्याची नोंद ठेवतो एवोदियो उस्कांगा. पाणीपुरवठा कचेरीचा डेटाबेस त्याच्या ताब्यात. रोजच्या बॅकअपमध्ये कुठल्या फायली घ्यायच्या हे ठरवताना त्याचा चेहरा स्वर्गाच्या दारावर बसलेल्या संत पेद्रोसारखा व्हायचा.

"एवोदियोसाहेब, माझ्या भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाचे फोटो तेवढे घ्या की," रोखपाल रेमेडिओसबाई म्हणायच्या. आमच्याकडे मुलीची पंधरावी म्हणजे छोटं लग्नच, आणि त्यातल्या एकेका खर्चाला एकेक धर्मपिता गाठायचा असतो.

"बाई, हा बॅकअप आहे, तुमच्या घरचा अल्बम नव्हे. ठेवलेत कुठे?"

"आओरितामध्ये."

"मग विषयच मिटला. आओरिता वगळलंय."

आओरिता हे कचेरीतल्या तात्पुरत्या कामांचं फोल्डर. शब्दाचा अर्थ 'आत्ताच', पण आमच्या वेराक्रूसकडे एखादा 'आओरिता येतो' म्हणाला, की तो आत्ता येतो, संध्याकाळी येतो, नाहीतर आपणच त्याच्या मयताला जातो. असल्या नावाचं फोल्डर बॅकअपमध्ये? छे.

मे महिन्यात एका सोमवारी वीज पडून सर्व्हर जळाला. एवोदियो इस्त्रीच्या शर्टात, बारशाला आल्यासारखा हजर. त्याने नव्या यंत्रावर बॅकअप उतरवला, डेटाबेस उघडला. नोंदी अकरा वर्षांपूर्वीच्या. निम्मे ग्राहक दफनभूमीत, आणि नदीकाठची नवी वसाहत तर जन्मालाच आलेली नव्हती.

एवोदियोने नोंदींची तारीख दोनदा वाचली. "तेव्हा डिस्क भरली होती. म्हणून डेटाबेस मीच दुसऱ्या डिस्कवरच्या त्या वगळलेल्या फोल्डरमध्ये हलवला. म्हटलं, परत आणू."

"कधी?" संचालकबाईंनी विचारलं.

"आओरिता."

"शनिवारपर्यंत नोंदी आल्या नाहीत, तर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. तो मात्र लगेच येईल."

तेवढ्यात रेमेडिओसबाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर मी फोटो न्यायला बसले. कुठली फाइल कसली ते कळेना, म्हणून अख्खं आओरिताच उचललं."

एवोदियोने हात पुढे केला. बाईंनी मूठ मिटली.

"धाकट्या भाचीची पंधरावी ऑक्टोबरात आहे. ड्रेसचा खर्च उचलायला धर्मपिता मिळालाय, बँडलाही मिळालाय. केकला कोणी नाही."

"किती मजली?"

"पाच."

एवोदियोने आशेने संचालकबाईंकडे पाहिलं. त्या छताचा पंखा न्याहाळत होत्या.

"बरं," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावाचे नळ आपापल्या मालकांकडे परतले. आता बॅकअपमध्ये सगळ्यात आधी जातं ते आओरिता, भाचीच्या फोटोंसकट.

परवा मी सहज विचारलं, "एवोदियो, केक सांगितलास का रे?"

"आओरिता सांगतो."

पलीकडच्या टेबलावर पावत्यांवर शिक्के मारणाऱ्या रेमेडिओसबाईंचा हात तिथेच थांबला.