मुखरूची मोटार आणि वाटीभर तेल

वैनगंगेच्या पाण्यावरून मोटार येताना तुम्ही पाहिली आहे का? नाही ना? मग मधे बोलू नका, ऐका. सन चोपन्नच्या दिवाळीनंतर चामोर्शीकडच्या एका गावानं ती पाहिली. दोन डोंगे एकमेकांना बांधलेले, त्यांच्यावर आडव्या सागाच्या फळ्या, आणि फळ्यांवर फिकट हिरवी, कोरी करकरीत लहान मोटार. नावाडी बांबू रेटत होते आणि ती उन्हात चमकत सावकाश पुढं सरकत होती. काठावर अख्खं गाव लोटलं होतं. म्हातारे हात जोडून उभे. एका बाईनं नारळ आणला होता, पण तो फोडायचा कुठं हे तिला सुचेना.

आणि मोटारीचा मालक? तो सगळ्यांच्या मागं, करंजाच्या झाडाला टेकून. मुखरू वाढई, गावचा सुतार. अंगात बंडी, कानावर पेन्सिल. पन्नाशीच्या त्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बैलगाड्या घडवल्या होत्या. स्वतःच्या दारात मात्र गाडी नव्हती आणि बैलही नव्हता. डोंगे काठाला लागले तेव्हा लोकांनी त्याला ढकलत पुढं आणलं. त्यानं मोटारीच्या अंगाला एक बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"बाप्पा!" तो म्हणाला.

मोटार आली ती त्याच्या लेकीमुळं. कमळा चौथी शिकलेली. नागपूरच्या एका वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ती दर आठवड्याला सोडवायची आणि खाली बापाचं नाव घालून पाठवायची. एकदा सगळं बरोबर आलं, आणि पहिलं बक्षीस होतं मोटार! पत्र आलं तेव्हा मुखरूनं ते तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "पोस्टमनची चूक झाली असंल. दुसरा कोणी मुखरू पाहा म्हणा."

चांद्याहून मोटार चालवत आणली खुर्शीदनं. खुर्शीद गावचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. पण लढाईच्या काळात ब्रह्मदेशात लष्कराच्या लॉऱ्या चालवून आलेला, त्यामुळं पंचक्रोशीत मोटारीची अक्कल असलेला तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरू मोटारीच्या चाकापुढं उकिडवा बसला. त्याचा जन्म चाकात गेलेला, तो दुसरं काय पाहणार?

"खुर्शीदभाऊ, याले आरे नाईत. आत का भरलं आहे?"

"हवा."

"हवा? निस्ती हवा?"

"निस्ती हवा."

मुखरूनं रबरावर अंगठा दाबून पाहिला. पुन्हा दाबून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमी तीस वर्सं लाकूड तासून राह्यलो, आन हे बेटं वाऱ्यावर बसून चालते!" त्या दिवशी त्यानं कामाला हात लावला नाही. नुसता चाकाभोवती फिरत होता.

गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. फुकटचा सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं? विकून टाक म्हणे. चांद्याचा एक लाकूडठेकेदार तर घ्यायला टपूनच बसला होता. "माकडाच्या हाती कोलीत," असंही एकानं तोंडावर म्हटलं. मुखरूचं उत्तर एकच होतं.

"सुगंधाले सिरोंच्याले नेतो. मंग पाहू."

हे ऐकलं की सल्ला देणारे उठून जायचे. सुगंधाबाई म्हणजे त्याची बायको. माहेर सिरोंच्याजवळ, गोदावरीच्या काठी. नऊ वर्षांपूर्वी माहेराहून परतताना त्यांच्या रेंगीचा कणा, म्हणजे चाकांचा आस, भर जंगलात मोडला, गाडी उलटली आणि सुगंधाबाईची कंबर कायमची गेली. तेव्हापासून ती खाटेवर. रेंगी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, पण तिचा एक दणकाही तिला सोसत नव्हता. आई तिकडं म्हातारी, काठी टेकत दारापर्यंत येणारी. नऊ वर्षांत मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आता तिकडून आलेला एक मासळीवाला सांगून गेला होता, म्हातारी उन्हाळा काढत नाही.

कणा मोडला हे गावाला ठाऊक होतं. का मोडला, ते एकट्या मुखरूला. त्या सकाळी निघायची घाई झाली आणि चाकाला तेल घालायचं राहिलं. कोरडा कणा तापला, जळला आणि तुटला. त्याचा बाप सांगून गेला होता, मुक्कामावरून निघताना आधी चाकाले तेल, मंग पोटाले पेज. आणि खुद्द वाढयाच्याच गाडीचं चाक कोरडं! घरी आल्यावर त्यानं ती रेंगी फोडून चुलीत घातली. तेल राहिल्याचं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. फक्त त्या दिवसापासून गावात कोणाचीही गाडी निघाली की मुखरू तेलाचं बांबूचं नळकं घेऊन आडवा यायचा. लोक हसायचे. हसू देत, त्यांना काय माहीत!

मग त्यानं मोटार आपल्या हिशेबानं बनवायला घेतली. कोऱ्या मोटारीला वाढयानं हात लावायचा म्हणजे खुर्शीदचा जीव वरखाली. पुढची डावी बैठक मुखरूनं काढली. तिथून मागच्या बैठकीपर्यंत सागाची चौकट बसवली, तिच्यावर नवार विणली, आणि ती अख्खी चौकट चार चामडी पट्ट्यांवर टांगली, म्हणजे दणका मोटारीला बसावा, माणसाला नाही. खुर्शीदनं सावरीच्या कापसाची गादी भरली. ती इतकी हलकी होती की कमळानं एका हातानं उचलली. खिडकीला पडदा झाला, उशाशी पाण्याच्या तांब्याला खोबण झाली.

इथपर्यंत ठीक होतं. मग मुखरू तिवसाच्या लाकडाचा एक जड ओंडका घेऊन आला आणि साखळीनं मोटारीच्या मागं अडकवू लागला.

"हे का करून राह्यला?" खुर्शीदनं विचारलं.

"उतारासाठी. लाकडाच्या गाड्या घाट उतरते तवा मांगं ओंडका सोडते का नाई? हे दोरी ओढली का खुंटी निघते, आन ओंडका जमिनीवर पडते."

खुर्शीद पोट धरून हसला. "अरे भाऊ, हिले ब्रेक आहे! पाय दाबला का गाडी थांबते. मोटारले शेपूट लावते का कोणी?"

"राहू दे नं. खाते का ते तुले?"

ओंडका राहिला. गावातली पोरं दोन दिवस 'शेपटाची मोटार' म्हणून ओरडत फिरली.

पौषात निघाले. खुर्शीद चालवायला, त्याच्या मागं मुखरू, आणि डावीकडं टांगत्या खाटेवर सुगंधाबाई. कमळा घर सांभाळायला मागं राहिली. गाव सुटलं आणि जंगल सुरू झालं. सुगंधाबाईला निजल्या जागेवरून खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. नऊ वर्षं तिनं एकच आढं पाहिलं होतं, त्यावरचं प्रत्येक कौल तिला पाठ होतं. आता तिच्यावरून साग, ऐन, मोहा, पुन्हा साग, आणि मधेच केवढं तरी आभाळ.

"कमळाचे बाबा," ती हळूच म्हणाली, "झाडं चालून राह्यली हो."

मुखरूनं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसायचंही विसरली होती. आपण हे पाहायला जगलो, असं त्याला वाटलं. देवानं ही मोटार चुकून नाही पाठवली, पत्ता बरोबर होता.

आलापल्लीला मुक्काम झाला. सकाळी खुर्शीद ओळखीच्या एका ड्रायव्हरला भेटायला गेला आणि मुखरू एकटाच मोटारीपाशी राहिला. मुक्कामावरून निघायचं होतं. बापाचे शब्द त्याच्या कानात होते, आणि पिशवीत एरंडीच्या तेलाचं नळकं. वाटेत खुर्शीदनं पंक्चर काढताना त्यानं सगळं नीट पाहून ठेवलं होतं. त्यानं जॅक लावला, चाक काढलं, आतला लोखंडी डबा उघडला. आणि पाहतो तर काय! आत दोन अर्धचंद्री पट्ट्या डब्याला घासून घासून गुळगुळीत झालेल्या, आणि तेलाचा थेंब नाही. ठणठणीत कोरड्या! मुखरूच्या अंगावर काटा आला. एवढी शहाणी माणसं, एवढी मोटार बनवली, आणि हे विसरली? त्यानं एका डब्यात तेल घातलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. पोटभर घातलं. थंडीनं तेल घट्ट होतं, तिथंच थापून बसलं. खुर्शीद परत आला तेव्हा चाकं जागेवर होती आणि मुखरू पेज पीत बसला होता.

पहिले काही मैल रस्ता सपाट होता, ब्रेकचं फारसं काम पडलं नाही. पण चाकं तापली, तेल पातळ झालं आणि पसरलं. मग एक टेकडी आली आणि पलीकडं लांबच लांब उतार. खाली नाला, नाल्यात म्हशीएवढे धोंडे. खुर्शीदनं पाय दाबला. पुन्हा दाबला. हाताचा ब्रेक ओढला. मोटार ऐकेना.

"या अल्ला! मुखरूभाऊ, ब्रेक गेला!"

खालच्या गिअरला तो झटत होता, पण गिअर पडेना. धोंडे मोठे मोठे होत होते. मुखरूनं सुगंधाकडं पाहिलं. ती आभाळ पाहत होती. त्यानं खिडकीतून आत घेतलेल्या ओंडक्याच्या दोरीला हिसडा दिला. खुंटी निघाली, मागं ओंडका धाडकन आदळला आणि साखळी ताणली गेली. लाल मातीचा लोट उठला. ओंडका जमीन उकरत, मुळांत अडखळत, मोटारीला मागं खेचत राहिला. मोटार कुरकुरली, रखडली, आणि पुढची दोन चाकं पाण्यात घालून पहिल्या धोंड्याच्या हातभर अलीकडं उभी राहिली.

टांगती खाट दोनदा झुलली आणि थांबली. तांब्यातलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं.

"नदी आली का?" सुगंधाबाईनं विचारलं.

खुर्शीद खाली उतरला. त्यानं ओंडक्याला आधी सलाम केला, मग चाक उघडलं. एरंडीचा वास दरवळला.

"हे कोनं केलं? ब्रेकच्या पट्ट्या कोरड्याच पाह्यजे, तेलानं त्या घसरते!"

"मी," मुखरू म्हणाला. "कोरडं होतं रे. मले वाटलं... कोरडं राह्यलं तं पुन्हा..." आणि नऊ वर्षं गिळलेलं सगळं त्या नाल्याच्या काठावर त्याच्या तोंडून बाहेर आलं. घाई, राहिलेलं तेल, जळालेला कणा, सगळं. "तवा घातलं नाई म्हणून तू पडली. आज घातलं म्हणून मरत होती. माह्या हातालेच किडे पडो!"

सुगंधाबाईनं खाटेवरूनच उघड्या दाराकडं मान वळवली.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"का म्हणते तू?"

"त्या दिवशी निघाले तवा नळकं मायच्या घरी आढ्याले टांगलेलंच होतं. मी पाह्यलं. मीबी बोलले नाई, मलेबी घाई होती." तिनं पदर सावरला. "नऊ वर्सं तुमी माह्या खाटेपाशी बसून राह्यले ते का त्याच्यापायी? मी तं समजत होते, तुमाले मी आवडते म्हणून."

"आवडते नं," मुखरू रडत म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला खुर्शीदनं असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तो बिचारा पेट्रोलात चिंधी बुडवून चारही डबे पुसत बसला आणि मुद्दाम पाठ करून बसला.

दिवस कलताना मोटार सासूबाईंच्या दारात उभी राहिली. म्हातारी काठी टेकत आली. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलणारी, डोळ्यांनी अधू. "बिड्डा! माझी लेक, माझी बिड्डा आली!" म्हणत ती दाराशी पोचली, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तशीच मागं वळून घरात गेली. परत आली ती हातात वाटी घेऊन. लेक घेऊन आलेल्या गाडीच्या चाकाला आईनं आपल्या हातानं तेल घालायचं, ही त्या घरची जुनी रीत होती. ती चाकाशी वाकली.

मुखरू असा धावला की धोतर सुटायची वेळ आली. "आई, नोको! नोको! या चाकाले तेल चालत नाई!"

"तेल नाई?" म्हातारी गोंधळली. "मंग माझ्या बिड्डाला आणलं, त्या गाडीले मी काय देऊ?"

मुखरूनं वाटी सांडू न देता तिचा हात धरला. तिला उचलल्यासारखं करून आत चढवलं आणि टांगत्या खाटेच्या काठावर, लेकीच्या उशाशी बसवलं. सुगंधाचा अंबाडा त्यानं आपल्या हातानं सोडला.

"हे इथी लागते," तो म्हणाला.

म्हातारीनं बोटं तेलात बुडवली आणि लेकीच्या केसांत घातली. कमळा रोज त्या केसांना तेल लावत होती, पण आईपुढं कोणाची मात्रा चालते? "किती कोरडं झालं गं डोस्कं," म्हातारी पुटपुटली आणि चोळत राहिली. सुगंधाबाईनं डोळे मिटले. वाटी रिकामी होईपर्यंत मोटारीतून उतरायचं नाव कोणी काढलं नाही.