मामाची मिठाची डबी

कुणाकडे काही म्हणून मागायचं नाही, एवढ्या एका हट्टावर सबंध आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा धाकटा मामा. मामा दोन दिवसांसाठी परगावी निघाला तरी बिऱ्हाड हलवल्यासारखं वाटे. उशी, कंदील, मिठाची डबी आणि एक लांबलचक वायर. वायरीबरोबर दोन पिनांचा, तीन पिनांचा आणि दिव्याच्या होल्डरात बसणारा असे तीन प्लग. "लोकांच्या भिंतीत कसलं भोक आसंल, काय सांगावं?" एकदा आम्ही पळसदरीच्या धरणावर स्वयंपाक करून जेवायला गेलो. मामाच्या पोत्यातून स्टोव्ह निघाला, रॉकेल निघालं आणि स्टोव्ह पेटलाच नाही तर म्हणून चुलीचे तीन दगडही निघाले. आईनं कपाळाला हात लावला. "अरं, धरणावर दगडांना तोटा हाय का?" मामा शांतपणे म्हणाला, "दगड हायेत गं. पण आपल्या पातेल्याच्या मापाचे हायेत का?"

शिळफाट्याजवळच्या एका कारखान्यात मामा संगणकावर कामाला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि संगणकाच्या खोलीत देवळात जावं तसं चपला बाहेर काढून जायचे ते दिवस. फावल्या वेळात त्यानं पत्रिका जुळवणारा प्रोग्राम लिहिला होता. मला भिसेगावचं स्थळ आलं तेव्हा त्यानं तो आमच्यावरच चालवला, आणि छत्तीसपैकी पंचवीस गुण आले. मी मनातून हरखले. पाहायला आलेल्या मुलानं चहा स्वतःच्याच शर्टावर सांडला होता आणि माझ्याकडे बघून तो हसला होता. मला तो तेव्हाच आवडला होता. पण मुलाचे वडील सगळं पडताळून घेणारे. त्यांचा पुतण्या कर्जतला संगणकाचा क्लास चालवायचा. मामानं हौसेनं तिथल्या संगणकावर चालेल असाही प्रोग्राम करून दिला, आणि तिथे गुण आले अकरा.

"तुमचं यंत्र मुलीच्या बाजूचं दिसतंय," मुलाचे वडील म्हणाले. अठरा गुणांच्या खाली लग्न नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मी जेवण टाकलं. मामा चार दिवस दोन्हीकडचे आकडे ताडून बघत बसला. पाचव्या दिवशी आला तो तोंड पाडून. "अगं, माझा प्रोग्राम लोकांच्या घरी उसनं मागत होता गं!"

झालं होतं असं, की दोन्ही संगणकांना आतून चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी होती. मामाच्या भाषेत, घरमालक वेगळा. जन्मवेळेचा हिशेब मामाचा प्रोग्राम त्या त्या घरमालकाकडून करून घ्यायचा, आणि कर्जतचा घरमालक मिनिटं सोडून द्यायचा. माझा जन्म नक्षत्र बदलायच्या तोंडावरचा, त्यामुळे कर्जतला माझं नक्षत्रच बदललं.

"मग खरे गुण किती?" मी विचारलं.

"आत्ता नाय सांगणार. आपलं माप घेऊन जाऊ, मग येतील ते खरे."

मग प्रोग्रामला जे जे लागेल ते सगळं मामानं त्याच्या गाठोड्यात बांधलं: गणिताची रीत, पंचांग, अक्षरं देखील. दोन संगणकांसाठी दोन फ्लॉप्या एका पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि झाकणावर लिहिलं, "फक्त सुरू करा." तो कर्जतला गेला आणि मी घरी देवापुढे बसून राहिले. संध्याकाळी दारातूनच ओरडला, "तिकडं पंचवीस, हिकडं पंचवीस!" मुलाच्या वडिलांनी म्हणे तीनदा चालवून पाहिलं होतं.

सासरी जाताना मामानं माझी ट्रंक स्वतः भरली. सुईदोरा, स्टोव्हच्या पिना, बल्ब, कोरी पोस्टकार्डं, तीन प्लगांची ती वायरसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा भाजी टाकली आणि ट्रंकेतली मामाची मिठाची डबी काढली. डबी लखलखीत घासलेली आणि रिकामी. आत चिठ्ठी होती: "मुद्दाम भरली नाय. सासूकडं माग."

मी भीत भीत मागितलं. सासूबाईंनी मीठ दिलं, पाट सरकवला आणि म्हणाल्या, "बस गं, कवाची उभी हायस." तेव्हापासून त्या घरात मला परकं वाटलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती डबी मी अजून भरलेली नाही. जन्मात कुणाकडे काही न मागणाऱ्या माझ्या मामाला हे कुठून कळलं होतं, तेवढं त्याला विचारायचं राहून गेलं.