ताजा मासा

सामोआतल्या त्या गावात तोआइवाशी कोणी गोड बोलत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. शाळेतून निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या घरात ती दर गुरुवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागली, तेव्हापासून तर बायकांची तोंडं तिला पाहून आणखीच वाकडी होत. पुस्तकं ऑकलंडच्या बहिणीने पाठवलेली होती. इंग्रजी पानावर बोट ठेवून ती सामोअनमध्ये सांगत जाई, आणि गोष्ट रंगात आली की पानात अंगठा ठेवून पुस्तक मिटे.

"आता काय होणार?"

मुलं एकदम ओरडत. एकेकाचं ऐकून घेऊन ती विचारी, "कशावरून?"

एवढंच. पण हे 'कशावरून' मुलांबरोबर घरोघर पोचलं आणि भांडण सुरू झालं.

"काल नातीला म्हटलं, अंधारात शीळ घालू नकोस, भूत येतं," मंडळाची प्रमुख गाउआलोफा एकदा चटई विणता विणता मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "तर मला विचारते, कशावरून, आजी? मी माझ्या आईला असं विचारलं असतं, तर तोंडात दात राहिले नसते!"

"आत्ता तरी कुठे राहिलेत?" तोआइवा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

बायका हसल्या आणि गाउआलोफाने नजर वर करताच गप्प झाल्या. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर छप्पर. एका टोकाला मुलं, दुसऱ्या टोकाला विणणाऱ्या बायका. गोष्ट त्यांच्याही कानावर पडे. आपण ऐकत नाही, असं त्या मोठ्या कष्टाने दाखवत.

तोआइवाने शाळेत वर्षानुवर्षं पाठांतरच घेतलं होतं. समुद्र मागे हटला तर काय करायचं? डोंगराकडे पळायचं. सगळा वर्ग एका सुरात, घडाघडा म्हणे. मग एका सकाळी समुद्र खरोखरच मागे हटला, आणि तीच मुलं उघड्या पडलेल्या प्रवाळावर तडफडणारे मासे वेचायला धावली. केसाला, हाताला, जे सापडेल त्याला धरून तिने मुलांना मागे ओढलं. लाट आली, तोवर सगळी हाती लागली नव्हती. त्यानंतर तिने वर्गात कधी पाठांतर घेतलं नाही, आणि का ते कोणाला सांगितलंही नाही.

ऑक्टोबरात मुलांचा रविवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांतली मुलं वचनं म्हणतात, नाटुकलं करतात. नंतर जेवायला मुलं आधी बसतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. नाटुकलं दरवर्षी पाद्रीणबाई इआनेता लिहीत.

"या वर्षी तालमी तू घे," त्या तोआइवाला म्हणाल्या. "मुलं तुझंच ऐकतात म्हणे. नीट पार पडलं तर गुरुवार तुझा. नाहीतर पुस्तकांची पेटी उचलायची. मंडळाला मी शब्द दिलाय."

नाटुकल्यात दोन बहिणी होत्या. एक रविवारी, देवाच्या दिवशी, मासे धरायला गेली म्हणून बुडाली. दुसरी आज्ञाधारक. ती त्याच दिवशी पाद्रीबाबांच्या पानात ताजा मासा वाढते आणि आशीर्वाद घेते. तोआइवाने कागद वाचला. बुडालेल्या पोरीलाच दोष, हे तिच्या घशाखाली उतरेना. पण गुरुवार हवा होता. तिने ओठ मिटले आणि शब्दन् शब्द पाठ करून घेतला. आज्ञाधारक बहीण होती गाउआलोफाची नात, सात वर्षांची लोसा.

चर्च खचाखच भरलं होतं. बुडालेली बहीण पांढऱ्या चादरीखाली पडली. लोसा ताट घेऊन पुढे आली.

"पाद्रीबाबा, हा ताजा मासा घ्या."

आता आशीर्वादासाठी वाकायचं होतं. ती वाकली नाही. ताटातल्या पुठ्ठ्याच्या माशाकडे बघत राहिली.

"ताजा?" ती म्हणाली. "पण आज तर रविवार आहे. मग हा धरला कोणी?" तिने चादरीकडे पाहिलं. "हिनेच ना? मग हिला पाठवलं कोणी?"

मागच्या बाकांवर हशा फुटला आणि लगेच विझला. पाद्रीणबाई उठल्या. चेहऱ्यावर हसू, पण आवाज सुरीसारखा.

"पोर वाक्य विसरली. होय ना, तोआइवा?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. गुरुवार वाचला असता. विसरल्याबद्दल लोसाला घरी दोन फटके बसले असते, ते काय कोणालाही बसतात. पण लोसा तिच्याकडे बघत होती, पुस्तक अंगठ्यावर मिटल्यावर बघायची तशी.

"विसरली नाही," तोआइवा म्हणाली. "विचारतेय. उत्तर द्या तिला."

भजन सुरू झालं, नेहमीपेक्षा मोठ्याने.

जेवणात लोसाच्या पानात वाढायला आजीच आली. वाढता वाढता तिने नातीच्या दंडाला असा चिमटा काढला, की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तोआइवाच्या शेजारी कोणी बसलं नाही.

सोमवारी पेटी मंडळाच्या घराबाहेर, दगडांवर, रात्रभर पावसात पडलेली होती. तोआइवा ओली पानं सुटी करत बसली. गाउआलोफा आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या घराण्याची लाज काढलीस. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"बरं."

"पोरीला तुझ्या अंगणात पाहिलं, तर तंगडं मोडीन. तुझं."

"बरं म्हटलं ना."

गाउआलोफा वळली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याची होडी," ती रागातच म्हणाली. "गेल्या गुरुवारी अर्धवट ठेवलीस ती. कोणी सोडली?"

तोआइवाने हातातलं पुस्तक उघडलं नाही. "तुला काय वाटतं?"

"बायकोने. दुसरं कोण!"

"कशावरून?"

"मला विचारतेस? मला?" गाउआलोफाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग आवाज खाली आणला. "दोर तुटला नव्हता, गाठ सोडलेली होती. आणि पहाटे ती कोको उकळत होती, तेव्हा तिच्या नेसूच्या वस्त्राचा काठ ओला होता. तूच वाचलंस. नवऱ्याने वादळात जाऊ नये, म्हणून सोडली तिने."

तोआइवाने पेटीतलं आणखी एक भिजलेलं पुस्तक दगडावर वाळत ठेवलं.

"बरोबर आहे का, ते सांग की, सटवे!"

"शेवटची पानं भिजलीत," तोआइवा म्हणाली. "तुम्हीच भिजवलीत. वाळली की वाचीन. गुरुवारी, माझ्या चुलीपाशी."

गाउआलोफा जमिनीवर थुंकली आणि चालू लागली.