वैरागच्या पुढचा तिसरा स्टॉप

माझे वडील एसटीत कंडक्टर. सोलापूर-बार्शी रस्त्यावर उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर आमचे हे अण्णा सोलापुरात माझ्याकडेच राहायचे. गुडघ्यांनी दगा दिला, नवी पेठेपर्यंतही जाववेना. मग रोज संध्याकाळी टीव्हीवरची ती पोलिसांची मालिका. वर्षानुवर्षं चाललीय, संपायचं नाव नाही. तिच्यातलं गाव लेखकानं बसल्या जागी रचलेलं, कुठल्याच नकाशात नसलेलं. पण अण्णांनी ते थेट आपल्या रस्त्यावर आणून बसवलं.

"फौजदार ठाण्यातनं निघाला आन् च्या गार व्हायच्या आत पुलावर पोचला. म्हंजे वैरागच्या पुढचा तिसरा स्टॉप. पुलाच्या अलीकडं पिंपळ हाय की!"

चोर पळाला की ओरडायचे, "आरं, त्या वळणावर गाडी स्लो करावीच लागती, तितं धर त्याला!" आधी मला हसू यायचं, पुढं पुढं कटकट वाटायला लागली. एकदा म्हणाले, "रिक्षा करून ने की मला एक दिवस. ठाणं बघून येऊ." मी नुसतं "बघू" म्हटलं.

मग माझ्या मुलीला बघायला पुण्याचे पाहुणे आले. अण्णा त्यांनाही एकेक स्टॉप सांगत त्या गावाला न्यायला लागले. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, पुरे करा! असलं गाव जगात नाही. मुंबईत सेट लावतात. भिंतीसुद्धा पुठ्ठ्याच्या!"

पाहुणे हसले. मीही हसले, मेली!

"व्हय? बरं," अण्णा म्हणाले. उरलेला चहा तसाच ठेवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला नाही. आठवड्यानं मीच लावला, लाडीगोडी करत विचारलं, "अण्णा, आज फौजदार कुठं उतरलाय हो?"

"मुंबईत. सेटवर," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

त्यानंतर त्यांनी एकाही गावाचं नाव काढलं नाही. उन्हाळ्यात गेले. रिक्षानं अर्ध्या दिवसाचं काम होतं. कुठलाही पूल, कुठलाही पिंपळ दाखवला असता तरी चाललं असतं.

मालिका अजून चालूच आहे. परवा फौजदार ठाण्यातून निघाला आणि मी हातातली भाजी तशीच ठेवून स्टॉप मोजायला लागले. वैरागपर्यंत आले. त्याच्या पुढचे मला येत नाहीत.